एका ताटलीतले तिघे

पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. मिस्साबलिदान झाले, धर्मशिक्षणाचा वर्गही आटोपला; परंतु पाऊस काही केल्या थांबेना. वडीलमाणसे ओसरीवर छत्र्या निथळत उभी होती आणि मुले आत अडकून पडली होती. अशा वेळी मुलांना गप्प बसविणे म्हणजे वाऱ्याची मोट बांधण्यासारखेच. शेवटी आम्ही भिंतीवर एक पांढरी चादर ताणून बांधविली आणि जुन्या काळचे तीन लहान व्यंगचित्रपट लावले. प्रत्येकाची लांबी सात-आठ मिनिटांची. दोहोंमध्ये एक मांजर आणि एक उंदीर होते व तिसऱ्यात एक कुत्रा होता. कुत्रा कसला, गाल लोंबलेले, कान गळलेले, डोळ्यांत सगळ्या जगाचे दुःख साठलेले असे एक केविलवाणे पिल्लूच ते!

पाहता पाहता खोली हास्याने दुमदुमून गेली. ओसरीवरची माणसे आत आली. आयुष्यात चित्रपटगृहाची पायरी न चढलेल्या एक आजीबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. चित्रपट संपल्यावर एका लहान मुलीने आम्हांस विचारले, "फादर, त्या बोक्याले घरी खायले भेटत नाही काय?" सर्व मुले उंदराच्या बाजूची असताना ही एकटीच पोर बोक्याची चिंता वाहत होती. आम्ही तिला काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली.

थोड्या वेळाने पाऊस उघडला, मुले बाहेर पळाली आणि आम्ही दारात उभे राहून पाहतो तो काय! नुकतीच दुबळ्या कुत्र्याच्या विजयावर टाळ्या पिटणारी तीन-चार मुले भिंतीच्या आडोशाला कुडकुडत बसलेल्या एका खऱ्या कुत्र्याच्या पिलावर खडे मारीत होती. पडद्यावरच्या दुबळ्याला टाळ्या आणि दारातल्या दुबळ्याला दगड! हे कोडे त्या दिवसापासून आमच्या मनातून जाईना. म्हणून हा लेख.

प्रथम या व्यंगचित्रपटांचीच थोडी ओळख करून घेऊ. मांजर-उंदराची ही जोडी म्हणजे टॉम आणि जेरी. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघा अमेरिकन कलावंतांनी १९४० साली त्यांचा पहिला चित्रपट काढला. त्यात बोक्याचे नाव टॉम नव्हते, जॅस्पर होते. त्या चित्रपटाची कथा आमच्या लेखाच्या दृष्टीने मोठी मार्मिक आहे. घरातील बाई बोक्याला बजावते की आता आणखी एक जरी वस्तू फोडलीस तर तुझी घरातून हकालपट्टी होईल. उंदीर हे ऐकतो आणि मग काचेचा पेला हाती धरून बोक्यालाच धाक दाखवितो! बलवान बोका त्या क्षणापासून उंदराचा बंदा होतो. पुढे १९५८ पर्यंत हॅना आणि बार्बेरा यांनी या जोडीचे ११४ लघुपट केले व त्यांपैकी सात लघुपटांना ऑस्कर पारितोषिक मिळाले.

त्या केविलवाण्या कुत्र्याचे नाव ड्रूपी. टेक्स एव्हरी या दिग्दर्शकाने १९४३ साली त्याला पडद्यावर आणले. पहिल्याच चित्रपटात एक लांडगा तुरुंगातून पळतो. त्याच्या मागावर शिकारी कुत्र्यांचा तांडा सुसाट सुटतो आणि सर्वांच्या मागून, रमतगमत, हा लहानगा चालत येतो. वाचकांस वाटेल, हा काय लांडगा पकडणार? परंतु लांडगा जेथे जेथे लपावयास जातो तेथे तेथे हा आधीच हजर! आगगाडीने पळावे, विमानाने पळावे, थेट उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फात जाऊन दडावे, तरी दार उघडताच हा शांतपणे समोर उभा. तो धावत नाही, ओरडत नाही, चावत नाही. त्याचा आवाजसुद्धा दमलेल्या माणसासारखा संथ आहे. बलवान शत्रू स्वतःच्याच भीतीने व स्वतःच्याच घाईने थकून हरतो. हळू चालणाऱ्या कासवाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहेच. ड्रूपी हा त्या कासवाचा जणू धाकटा भाऊ होय.

हे चित्रपट निघाले त्यास आता आठ दशके लोटली. त्या काळचे किती तरी मोठमोठे बोलपट आज कोणाला आठवत नाहीत; मग ही सात मिनिटांची हलती चित्रे अद्यापि ताजी का? याचे एक कारण त्यांच्या घडणीत आहे. चित्रपटाच्या फितीवर दर सेकंदास २४ चित्रे सरकतात. म्हणजे सात मिनिटांच्या चित्रपटास दहा हजारांहून अधिक चित्रे लागतात. एकच रेखाटन पुष्कळदा दोन चित्रांपुरते वापरीत, तरी हजारो रेखाटने हातांनी काढावी लागत. ती पारदर्शक पत्र्यांवर उतरवून रंगवीत, रंगविलेल्या पार्श्वभूमीवर ठेवीत आणि एकामागून एक छायाचित्र घेत. मुलाने खदखदून हसावे अशा एका क्षणामागे अनेक माणसांचे असे कित्येक दिवस खर्ची पडलेले असत. श्रमाने केलेली वस्तू टिकते, हा नियम शेतकऱ्याला आम्ही काय सांगावा?

दुसरे कारण असे की टॉम आणि जेरी बहुधा बोलतच नाहीत. त्यांच्यासाठी बोलते ते संगीत. स्कॉट ब्रॅडली या संगीतकाराने उंदराच्या प्रत्येक पावलास व बोक्याच्या प्रत्येक घसरगुंडीस स्वरांची जोड दिली. त्यामुळे इंग्रजीचा गंध नसलेली आजीबाई आणि शाळेत जाणारी नात एकाच वेळी हसतात. सौंसरचा मुलगा आणि शिकागोचा मुलगा यांच्या हसण्यात अंतर उरत नाही.

परंतु खरे कारण याहून खोल आहे. या गोष्टींत लहान जिंकतो आणि मोठा हरतो. जगाचा रोजचा अनुभव याच्या उलट असतो. ज्याच्या हाती सत्ता, पैसा किंवा काठी, त्याचे चालते. गरीब मान खाली घालतो. तरीही प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात कोठेतरी अशी खात्री दडलेली असते की हे असे असावयास नको. पवित्र शास्त्राच्या वाचकास ही खात्री कोठून आली ते सांगावयास नको. गोफण घेऊन निघालेला मेंढपाळ पोर दावीद आणि पितळी चिलखताने मढलेला गल्याथ यांची कथा आपण जाणतोच. देवमातेने आपल्या स्तोत्रात बलवंतांना आसनांवरून खाली ओढणाऱ्या व दीनांना उंचावणाऱ्या परमेश्वराची स्तुती गाइली. मूल जेव्हा जेरीच्या विजयाने टाळी वाजविते, तेव्हा त्या टाळीत या आशेचा अगदी बारीकसा का होईना, एक सूर असतो असे आम्ही मानतो.

आता त्या लहान मुलीच्या प्रश्नाकडे वळू. तिने पाहिले ते इतरांच्या नजरेतून सुटले होते. टॉम हा धटिंगण खरा. पण तो पाळीव आहे. त्याचे दूध, त्याची झोपण्याची जागा, सारे मालकिणीच्या मर्जीवर अवलंबून. उंदीर पकडला नाही तर केरसुणीचा मार आणि पकडता पकडता भांडे फुटले तरीही केरसुणीचा मारच. म्हणजे उंदरापुढे तो मोठा आणि मालकिणीपुढे तो दीन. आपल्यापैकी किती जणांची स्थिती अशीच असते! बाहेर कोणाचे तरी बोलणे खाऊन आलेला बाप घरी मुलावर हात उगारतो. सासूचे टोमणे ऐकलेली सून मुक्या जनावरावर राग काढते. दुबळा कोण आणि बलवान कोण हे माणसागणिक ठरत नाही, जागेगणिक ठरते. त्या पोरीने बोक्याची भूक ओळखली. आम्ही धर्मगुरू असून ती आमच्या ध्यानात आली नव्हती.

या मालिकेतील १९४१ सालचा एक लघुपट नाताळच्या आदल्या रात्रीचा आहे. जमल्यास तो आमच्या प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून पाहावा. घरात नाताळचे झाड सजले आहे, बाहेर बर्फ पडत आहे. नेहमीप्रमाणे पाठलाग होतो आणि शेवटी उंदीर दाराबाहेर बर्फात अडकतो. बोका त्याची आत येण्याची वाट बंद करतो आणि ऊबदार शेकोटीजवळ जाऊन पहुडतो. आता त्याला सुख लाभावे. परंतु सुख काही लाभत नाही. बाहेरून नाताळच्या गीतांचे सूर कानी येतात आणि त्याच्या जिवाची तगमग सुरू होते. अखेर तो उठतो, दार उघडतो, थंडीने गारठून निपचित पडलेल्या उंदराला उचलून आणतो व शेकोटीजवळ ऊब देऊन शुद्धीवर आणतो. वर खाऊही देतो. तेव्हा उंदीर काय करतो? बोका दूध पिण्यास वाकतो तोच त्याला थांबवून, त्याच्या दुधात आपणच लपवून ठेवलेला सापळा तो बाहेर काढतो! सद्‌सद्विवेकबुद्धीवर आम्ही तासभर प्रवचन करावे आणि ते मुलांच्या डोक्यावरून जावे. या आठ मिनिटांत ते मुलांच्या हृदयात उतरते. एकाने क्षमा केली की दुसऱ्याच्या मनातला सापळाही आपोआप बाहेर येतो, ही गोष्ट भाऊबंदकीने पोखरलेल्या आमच्या कित्येक घरांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

असली कला केवळ परदेशातच होती असे वाचकांनी समजू नये. त्र्यंबकेश्वरास जन्मलेले दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढण्याची स्फूर्ती झाली ती मुंबईत प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहून. तो पाहत असतानाच त्यांच्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण व श्रीरामचंद्र उभे राहू लागले, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. मोठा चित्रपट काढण्यापूर्वी त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची थोडी थोडी छायाचित्रे घेतली आणि १९१२ साली 'अंकुराची वाढ' हा इवलासा चित्रपट तयार केला. महिन्याभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसू लागली. मोहरीच्या दाण्याचा दृष्टांत ज्यांनी ऐकला आहे त्यांना या प्रारंभाचे नवल वाटणार नाही. पुढे १९१५ साली फाळक्यांनी आगपेटीतील काड्यांना पडद्यावर नाचविले. 'आगकाड्यांची मौज' हे त्या लघुपटाचे नाव.

स्वातंत्र्यानंतर मुंबईतील फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपटांची शाखा निघाली. डिस्ने यांच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील तरुणांना ही विद्या शिकविली आणि १९५७ साली जातककथेवरील 'द बॅनियन डिअर' हा लघुपट निघाला. गाभण हरिणीचा जीव वाचावा म्हणून तिच्या जागी स्वतःची मान पुढे करणाऱ्या मृगराजाची ती कथा आहे. दुसऱ्यासाठी प्राण देण्याइतकी मोठी प्रीती नाही, हे वचन ज्यांच्या ओठी आहे त्या आम्हांला ही कथा परकी कशी वाटेल? पुढे १९७४ साली मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी 'एक, अनेक और एकता' हा लघुपट केला. पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या चिमण्या एकजुटीने जाळ्यासकट उडतात आणि उंदीर ते जाळे कुरतडून त्यांना सोडवितात. दूरदर्शनवर तो इतक्या वेळा दाखविला गेला की आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या आमच्या अनेक वाचकांना तो तोंडपाठ असेल. तेथेही तोच न्याय: चिमणीएवढा जीव, उंदराएवढा मित्र आणि पारध्याची हार.

एवढी स्तुती केल्यावर दोन दोषही सांगितले पाहिजेत. नाही तर आम्ही आमच्या कर्तव्यास चुकलो असे होईल. पहिला दोष असा की जुन्या टॉम आणि जेरीच्या चित्रपटांत घरकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईचे चित्रण थट्टेचे आहे. तिचा चेहरा बहुधा दिसतच नाही. दिसतात ते पाय, चपला आणि केरसुणी. लहान उंदराची बाजू घेणाऱ्या कलावंतांना आपल्याच देशातील दीनजनांचा चेहरा दाखवावासा वाटला नाही, हे खेदाने म्हणावे लागते. पुढे दूरचित्रवाणीसाठी अशा काही प्रसंगांत फेरफार करण्यात आले. आपणही स्वतःला विचारावे: आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचा चेहरा आपण पाहतो की नुसते तिचे हात?

दुसरा दोष अधिक घरगुती. या चित्रपटांत कोणाला काही लागत नाही. डोक्यात हातोडा बसला तर टेंगूळ वर येते आणि क्षणात नाहीसे होते. शेपटी दारात सापडली, अंगावर पियानो कोसळला, तरी पुढच्या क्षणी बोका ठणठणीत. ही वेदना खोटी आहे म्हणूनच आपण हसू शकतो. मोठ्यांना हे कळते. चार वर्षांच्या मुलाला ते सांगावे लागते. सांगितले नाही, तर तो बाहेर जाऊन पिलाला खडा मारतो आणि ते केकाटले की हसतो. कारण चित्रातले मांजर केकाटले तेव्हा सारे घर हसले होते.

दगड आणि दुखापत यांविषयी आमच्या या भागाला वेगळे काय सांगावे? पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगे रंगवून, अंगावर झूल घालून, त्यांना पुरणपोळीचा घास देणारी ही भूमी आहे. मुक्या जनावराचे ऋण वर्षातून एक दिवस जाहीरपणे मानणारा असा सण जगात विरळा. नागपूर-विदर्भाकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो आणि मुले लाकडी बैल ओढीत दारोदार जातात. त्याच दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्यास जाम नदीच्या दोन तीरांवर पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते. नदीच्या मध्ये पळसाचे झाड रोवतात आणि त्यावरील झेंड्यासाठी दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव चालतो. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. काहींनी आजवर प्राणही गमावले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहण्यात आले, पण हात पुन्हा दगडाकडेच वळले. शेजाऱ्यांच्या जुन्या परंपरेवर निवाडा देण्यास आम्ही बसलो नाही. आम्हांला एवढेच म्हणावयाचे आहे की लाकडी बैलाची दोरी धरणारा हात आणि दगड उचलणारा हात हे एकाच मुलाचे दोन हात आहेत. कोणता हात बळकट करावयाचा, हे त्या मुलाच्या घरी ठरते.

येथे आम्हांस संत मार्टिन द पोरेस यांचे स्मरण होते. त्यांचा जन्म १५७९ साली पेरू देशातील लिमा नगरात झाला. वडील स्पॅनिश सरदार. आई आफ्रिकी वंशाची, दास्यातून मुक्त झालेली. त्या काळच्या नियमाप्रमाणे अशा वर्णाच्या मुलास संन्यासी संघात पूर्ण प्रवेश नव्हता. म्हणून ते डोमिनिकन मठात प्रथम केवळ हरकाम्या सेवक म्हणून राहिले. झाडलोट करावी, केस कापावे, आजाऱ्यांची शुश्रूषा करावी. पुष्कळ चित्रांत त्यांच्या हाती केरसुणी दाखवितात ती त्यामुळेच. पण ही केरसुणी मारण्यासाठी उगारलेली नाही! रस्त्यावरील आजारी कुत्री-मांजरे ते उचलून आणीत आणि बहिणीच्या घरी त्यांना आसरा देत. मठातील कपडे कुरतडणाऱ्या उंदरांना मारण्याऐवजी, बागेत राहा, मी तुम्हांला रोज अन्न आणून देईन, असे त्यांनी सांगितले व उंदरांनी ते ऐकले अशी आख्यायिका आहे. आणि त्यांच्या पायांशी चित्रकार नेहमी काय काढतात? एक ताटली, आणि त्या एकाच ताटलीतून खाणारे तिघे: कुत्रा, मांजर आणि उंदीर. १६३९ साली ते प्रभुचरणी लीन झाले आणि ६ मे १९६२ रोजी पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना संतपद दिले.

टॉम, जेरी आणि ड्रूपी यांची गंमत जेथे संपते तेथे या ताटलीची गोष्ट सुरू होते. व्यंगचित्रपटात लहान जिंकतो, कारण मोठा फजीत होतो. कोणीतरी हरल्याशिवाय ते हसू येत नाही. संताच्या ताटलीपाशी मात्र कोणी हरलेले नाही. संत मार्टिन स्वतः आयुष्यभर खालच्या पायरीवर उभे होते. म्हणूनच कोणाला किती भूक आहे हे त्यांना दिसले. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला येथे सापडले. तिला आम्ही पुढच्या रविवारी ते चित्र दाखविले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मंग आता तो त्याच्या मागं धावणार नाही." आम्ही म्हटले, "बाळ, पोट भरलेले असले आणि कोणी मायेने हात फिरविला तर कदाचित नाही धावणार."

आई-बापांना आमची विनंती थोडकी आहे. मुलांच्या हाती मोबाईल देऊन त्यांना एकटे सोडू नका. हे जुने लघुपट जरूर दाखवा. पण शेजारी बसा आणि त्यांच्याबरोबर हसा. संपल्यावर एकच प्रश्न विचारा, "आज कोणाला लागले?" मूल म्हणेल, कोणालाच नाही. मग त्याचा हात धरून दाराशी न्या आणि आपल्या गल्लीतले कुत्रे दाखवून सांगा, "याला मात्र लागते." उन्हाळ्यात पाण्याचे एक भांडे दाराबाहेर ठेवण्याचे काम घरातील सर्वांत लहान मुलाकडे सोपवा. ते भांडे रोज भरणारा हात दगड उचलण्यापूर्वी निदान एकदा थांबेल, असा आमचा विश्वास आहे.

राहता राहिले ते पावसातले पिल्लू. खडे मारणाऱ्या मुलांना आम्ही रागावलो नाही. त्यांनाच त्याच्यासाठी भाकर आणावयास लाविले. पहिल्या दिवशी ते भाकरीकडे न पाहता पळून गेले. आता रविवारी मिस्सा सुटण्याच्या सुमारास ते पायरीशी येऊन बसते. कान गळलेले, चेहरा उदास, अगदी पडद्यावरच्या ड्रूपीसारखेच. खडा मारणाऱ्यांपैकी एकाने त्याचे तेच नाव ठेवले आहे.